काड्यांचे घर

'लातूर पॅटर्न' हे नाव तुम्ही ऐकले असेल. भरपूर सराव, पुन्हा पुन्हा चाचण्या आणि कडक शिस्त अशी ही अभ्यासाची पद्धत. तिच्यामुळे मराठवाड्यातील कितीतरी मुले डॉक्टर आणि इंजिनिअर झाली. आज लातूर व नांदेड येथे दूरदूरची मुले शिकायला येतात. मेहनत चांगलीच. पण केवळ पाठांतराने विज्ञान येते का? मला तसे वाटत नाही. परीक्षेतील प्रश्नाचे उत्तर पुस्तकात असते. जीवनातील प्रश्नाचे उत्तर आपल्याला शोधावे लागते.

असा एक प्रश्न आपल्याच भागात उभा राहिला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. तेथील घरांच्या भिंती दगडमातीच्या होत्या. वर माळवद, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर. भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे झोपेतच दगावली. मग हादऱ्यात टिकेल असे घर कसे बांधावे?

या शोधाची सुरुवात तुम्हीही करू शकता. अरविंद गुप्ता नावाचे इंजिनिअर १९७८ साली पुण्यातील कारखान्यातून रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबादला गेले. तेथील शाळांत १९७२ पासून मुले स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकत होती. गुप्तांनी त्यांच्यासाठी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची बारीक रबरी व्हॉल्व्ह-नळी यांपासून खेळणी तयार केली. २०१८ साली त्यांना 'पद्मश्री' मिळाली.

तुम्हीही करून पाहा. काड्यांचा गुल आधी खरवडून टाका. नळीचे छोटे तुकडे कापा आणि त्यांनी काड्यांची टोके जोडा. चार काड्यांचा चौकोन करा, तीन काड्यांचा त्रिकोण करा. आता दोन्ही बाजूने ढकला. चौकोन लगेच कलतो. त्रिकोण आपला आकार सोडत नाही. आता चौकोनाच्या दोन कोपऱ्यांमध्ये एक लांब काडी तिरपी बसवा. दोन त्रिकोण झाले आणि चौकोन घट्ट झाला! भूकंपही घराला असाच बाजूने ढकलतो. म्हणून घराच्या सांगाड्याला तिरपे आधार देतात. घर टिकायला भिंतीही पक्क्या लागतात. पण पहिली गोष्ट तुम्ही स्वतः शोधलीत.

उर्दूतला 'सवाल' मराठीतही 'सवाल'च आहे. दोन्ही भाषांत तो विचारायला पैसे लागत नाहीत. वर्गात रोज एक तरी सवाल विचारा. गुरुजींनी उत्तर लगेच सांगू नये. आधी मुलांना करून पाहू द्यावे. गुण मिळवाच, पण हात आणि डोके दोन्ही चालवा. उद्याची घरे तुम्हालाच बांधायची आहेत.