मान घ्या, धन मागू नका

शिराळा हे मारुतीचे गाव. समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे, आणि मारुती असेल तेथे तालीम असावयाचीच. प्रस्तुत लेखक कुस्तीचा जुना शौकीन आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. हलगी कडाडली की हातातले काम टाकून मैदानाकडे धावणाऱ्यांपैकी तो एक. तेव्हा पुढील मजकूर खेळाशी वैर धरणाऱ्या कोरड्या माणसाचा आहे, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये.

विषय निघाला तो एका परक्या खेळावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कनजीक बेथपेज येथे गोल्फचा रायडर चषक खेळला गेला. गोल्फ हा एरवी ज्याचा त्याने खेळावयाचा खेळ. पण दर दोन वर्षांनी अमेरिका व युरोप यांचे बारा-बारा खेळाडूंचे संघ एकमेकांस भिडतात, आणि या सामन्याबद्दल खेळाडूने पैसा घ्यावयाचा नाही असा रिवाज. या खेपेस अमेरिकेने तो प्रथमच मोडला. प्रत्येक खेळाडूच्या नावे पाच लाख डॉलर काढण्यात आले. त्यांपैकी तीन लाख त्याने धर्मादाय कार्यास द्यावयाचे, उरलेले दोन लाख त्याचे. युरोपच्या खेळाडूंनी मात्र एक छदामही घेतला नाही. त्यांच्यातील रॉरी मॅकिलरॉय याने तर या सामन्यात खेळावयास मिळावे म्हणून आपण उलट पैसे मोजू, असे आधीच सांगून ठेवले होते. पुढे युरोपने १५ विरुद्ध १३ गुणांनी बाजी मारली आणि जगभरच्या नीतिवंतांना आनंदाचे भरते आले. पैसा हरला, निष्ठा जिंकली!

तालमीच्या कट्ट्यावर हे वर्तमान वाचले जात असता आमचे एक साथी, ज्यांची उभी हयात मोर्चांत गेली आहे, तेही म्हणाले, "बरे झाले. पैशाने खेळ नासला." हा लेख त्या उद्गारास उत्तर म्हणून लिहिला आहे.

त्या बारा कोट्यधीशांसाठी अश्रू ढाळण्याचे आपणास कारण नाही. ज्याचे घर भरलेले आहे त्याला फुकट खेळणे परवडते. मॅकिलरॉयचा त्याग हा त्या जातीचा. परंतु त्याच मैदानावर प्रेक्षकाकडून एका दिवसाच्या तिकिटाचे साडेसातशे डॉलर घेतले जात होते. वाहिन्यांनी हक्क विकत घेतले होते, जाहिरातदार रांगेत उभे होते. म्हणजे निष्ठेचा उपदेश फक्त खेळणाऱ्याला, विकणाऱ्याला नव्हे. खेळ पैशाने नासतो असे म्हणणाऱ्यांनी हा पैसा आधीपासून कोणाच्या खिशात जात होता, एवढे तरी विचारावयास हवे होते.

आणि बिनपैशाच्या खेळाचे हे सोवळे आले कोठून? इंग्लंडात हेन्ली येथील नौकाशर्यतीच्या चालकांनी १८७९ साली हौशी खेळाडूची व्याख्या केली. तीत मजुरीवर काम करणारा कारागीर वा कामकरी यास बाहेर ठेवण्यात आले. ज्याच्या दंडात श्रमाने बळ आले आहे, त्याने सरदारपुत्रांच्या नावेशी नाव लावू नये, हा त्यातील मतलब. निष्काम खेळाची थोरवी गाणाऱ्या आमच्या साथींना ही वंशावळ ठाऊक नसावी.

याहून बोलके उदाहरण अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे. तेथील फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायचेंडू नव्हे. चेंडू हाती घेऊन अंगावर धडका देत पुढे घुसण्याचा तो खेळ, आणि त्यात माणसे जायबंदी होतात. १९५५ साली कोलोरॅडो राज्यातील एक विद्यार्थी अशाच सामन्यात डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. त्याच काळात महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने 'विद्यार्थी-खेळाडू' असा जोडशब्द घडवून नियमांत सर्वत्र पेरला. खेळाडूला कामगार ठरवले जाईल या धास्तीपोटी तो घडवला गेला, अशी कबुली त्या संघटनेचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ मध्ये आपल्या पुस्तकात दिली. एका शब्दाच्या आडोशाने पिढ्यान् पिढ्या तरुणांची हाडे फुकट मोडली गेली. अखेर जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या खेळाडूंस वर्षाकाठी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत वाटण्याची मुभा मिळाली. पैसा मिळाला, कामगार हा दर्जा मात्र त्या तडजोडीने दिला नाही.

शब्दाची ही करामत आपल्याला नवी नाही. आपल्याकडे तिचे नाव 'मानधन'. अंगणवाडी सेविका पोरे सांभाळते, आहार वाटते, वजने घेते, नोंदी ठेवते. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. मानधन म्हटले की किमान वेतन मागता येत नाही, निवृत्तिवेतनाचे नाव काढता येत नाही. महाराष्ट्रात २०२३ साली हे मानधन महिना ८,३२५ रुपयांवरून १०,००० झाले, तेही संपानंतर. आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून पुन्हा बावन्न दिवस संप करावा लागला. मान एवढा मोठा, की तो घेऊन रस्त्यावर बसावे लागते! एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्यापुढे अंगणवाडी सेविकांच्या ग्रॅच्युइटीचा प्रश्न आला, तेव्हा हे मानधन कायद्याच्या व्याख्येत वेतनच ठरते असा निर्वाळा मिळाला. सरकारी कागदावरचा शब्द मात्र आजही तोच आहे.

उसाच्या फडात तर याहून बेरकी शब्द आहे. दिवाळीनंतर वारणाकाठी टोळ्या उतरतात, तेव्हा मुकादम माणसे मोजीत नाही, कोयते मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. दोन माणसांचे चार हात, पहाटेच्या काळोखापासून मोळी ट्रॉलीत चढेपर्यंत राबतात, आणि हिशेबाच्या वहीत नोंद एकाची. बाईचे श्रम त्या एका शब्दात गिळले जातात. वर 'उचल' आहेच. मजुरी मिळण्याआधीच मजूर कर्जदार. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली ती संपाच्या इशाऱ्यानंतर, कोणाच्या औदार्याने नव्हे.

आता आपल्या लाल मातीकडे येऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले, ते राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले म्हणून. पदक घेऊन परतल्यावर दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि नंतर? त्या गहाणाचे पैसे फेडण्यासाठी या ऑलिंपिकवीराने पुन्हा कुस्त्यांची मैदाने भरविली. पोलिसात नोकरी मिळाली ती १९५५ मध्ये. १९८४ साली अपघातात त्यांचा अंत झाला, आणि अर्जुन पुरस्कार आला तो मरणानंतर दीड दशक उलटल्यावर. मानाची कमतरता कधीच नव्हती.

आज मैदानावर लाखांची इनामे लागतात, पहिल्या नंबरच्या कुस्तीला मोटारही मिळते, म्हणून आमचे साथी हळहळतात. परंतु इनाम म्हणजे वेतन नव्हे. इनाम जिंकणाऱ्या एकाला. खुराक, मेहनत, वस्तादाची चाकरी ही तालमीतल्या साऱ्यांची. काही साखर कारखान्यांनी मल्लांना दरमहा रक्कम देण्याची प्रथा पाडली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तिचेही नाव मानधन, आणि ते देणाऱ्याच्या मर्जीवर. गुडघा सुटला की पैलवान गावी परततो, आणि पुढल्या हंगामात त्याच कारखान्याच्या गाडीवर हमाल म्हणून दिसतो. मैदानात आपण ज्याच्या नावाने घसा फोडला, त्याच्याकडे तेव्हा आपण वळूनही पाहत नाही. यात प्रस्तुत लेखकही आला.

तेव्हा साथींनी खेळातल्या पैशाला नाके मुरडणे सोडावे. येत्या जत्रांच्या हंगामात शिराळा तालुक्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी यात्रा कमिट्यांकडे जावे आणि तीन गोष्टी मागाव्यात: मातीत उतरणाऱ्या प्रत्येक मल्लाचा विमा, हरलेल्यालाही ठरलेली बिदागी, आणि जमलेल्या वर्गणीचा व इनामांचा हिशेब चावडीवर लावणे. कमिटीत बसणारे बहुधा कारखान्याच्या मंडळावरही असतात. त्याच बैठकीत कोयत्याऐवजी माणसे मोजण्याची गोष्ट काढावयास हरकत नाही. मैदान उधळण्याचा आरोप होईल. हलगी वाजू लागली की आम्ही नेहमीच्या जागी बसलेले असूच.