कान आणि काटा

सदर : व्रत आणि व्यवहार

सकाळी दुकान उघडून गल्ल्याला नमस्कार झाला की जुना व्यापारी प्रथम काट्याकडे पाहतो. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मध्यावर उभा आहे ना, याची खात्री झाल्यावाचून तो पहिल्या गिऱ्हाइकाला माल तोलून देत नाही. श्रावकाच्या अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देताना कमी आणि घेताना अधिक मापणे, हा एक आहे. हा दोष केवळ धान्याच्या वा सोन्याच्या काट्यापुरता नाही. माणूस जेथे दोन वस्तूंची तुलना करतो तेथे एक काटा असतोच. आणि तो शून्यावर आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच असते.

अलीकडे अनेक घरांतील मुले गिटार शिकतात. शिकता शिकता एखादा मुलगा वडिलांजवळ व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरची मागणी करतो. किंमत ऐकून वडील चकित होतात. साधा अ‍ॅम्प्लिफायर का चालत नाही, असे विचारले असता ‘आवाजात फरक पडतो’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नाही. परंतु तो फरक किती, तो कशामुळे पडतो, आणि तो ऐकणारा काटा कितपत शुद्ध आहे, हे तपासल्याशिवाय व्यवहार करणे व्यापारी घराला शोभत नाही.

घरातील आजोबांना व्हॉल्व्हचा रेडिओ निश्चित आठवत असेल. बटण फिरवल्यावर तो लगेच बोलत नसे. आतल्या काचेच्या नळ्या तांबूस उजळत, तापत, आणि मग आवाज येई. तापलेल्या कॅथोडपासून निघणारे इलेक्ट्रॉन निर्वात नळीतून पलीकडच्या पट्टीकडे धावतात. मध्ये एक जाळी असते. तिच्यावरील विजेचा दाब किंचित बदलला तरी हा प्रवाह पुष्कळ बदलतो, आणि अशा रीतीने दुबळा संकेत बलवान होतो. ही जाळी अमेरिकेतील ली डी फॉरेस्ट यांनी 1906 मध्ये बसवली. 1947 च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढील पंचवीस-तीस वर्षांत व्हॉल्व्ह घराघरांतून हद्दपार झाले.

गिटारवादकांनी मात्र ते सोडले नाहीत. व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेर भार पडला की त्याचा आवाज एकदम फाटत नाही. तो हळूहळू दाटतो, त्यात मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर मिसळतात, आणि तार हळू छेडली की पुन्हा निवळतो. बातम्या ऐकणाऱ्याला हा बिघाड वाटेल, पण गिटारवादकाला त्यातच गाता गळा सापडला. एकाच धर्माला एका नयाने दोष आणि दुसऱ्या नयाने गुण म्हणता येते, याचे इतके सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

या वस्तूच्या व्यापाराचा इतिहासही बोधप्रद आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे लिओ फेंडर हे शिक्षणाने आणि पेशाने हिशेबनीस. त्यांनी 1938 मध्ये रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले आणि त्यातून गिटार व अ‍ॅम्प्लिफायर यांचा कारखाना उभा राहिला. त्यांचा ‘बासमन’ हा नमुना वास्तविक खर्जाच्या गिटारसाठी बनवला होता. साध्या गिटारच्या वादकांनीच तो उचलून धरला. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमवादकाने 1960 मध्ये वाद्यांचे दुकान उघडले. दुकानात ड्रम घ्यायला येणाऱ्यांबरोबर त्यांचे गिटारवादक सोबतीही येत आणि अमेरिकेहून येणारे अ‍ॅम्प्लिफायर फार महाग पडतात अशी तक्रार करीत. मार्शल यांनी ती ऐकून घेतली. केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या तंत्रज्ञ सहकाऱ्यांबरोबर त्यांनी बासमनचीच रचना समोर ठेवून 1962 मध्ये आपला पहिला अ‍ॅम्प्लिफायर बनवला. गिऱ्हाइकाचे बोलणे मन लावून ऐकणे, हे त्या यशाचे मोठे भांडवल होते.

रचना जवळपास तीच, तरीही आवाज वेगळा निघाला. इंग्लंडमध्ये सहज मिळणारे सुटे भाग वापरले गेले, पुढे शक्तीचे व्हॉल्व्हही निराळे आले. बासमनमध्ये मागून उघड्या पेटीत दहा इंची चार स्पीकर होते. मार्शलने बारा इंची चार स्पीकर बंद पेटीत बसवले. म्हणून ‘फेंडर चांगला की मार्शल’ हा वाद साठ वर्षे चालूनही संपत नाही. कोणत्या गिटारला, कोणत्या स्पीकरवर, किती मोठ्याने, कोणत्या खोलीत आणि कोणाच्या हाती, ही अपेक्षा सांगितल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘स्यात्’ शब्द वगळून केलेले विधान जसे एकांगी राहते, तसेच हे आहे.

या बाजाराचे अगदी वरचे टोक म्हणजे अलेक्झांडर डम्बल. कॅलिफोर्नियातील हा कारागीर 2022 च्या जानेवारीत निवर्तला. त्याने आयुष्यभरात सुमारे तीनशेच अ‍ॅम्प्लिफायर बनवले असावेत, असा अंदाज केला जातो. तो एकेक यंत्र हाताने, त्या त्या वादकाचे वादन ऐकून जुळवीत असे, आणि कोणी नक्कल करू नये म्हणून आतील महत्त्वाच्या भागांवर घट्ट राळ ओतून ठेवी. आज त्याच्या यंत्रांना एक लाख डॉलरच्याही वर किंमत येते. स्टीव्ही रे व्हॉन या टेक्सासच्या वादकाने 1982 मध्ये आपली पहिली ध्वनिमुद्रिका गायक जॅक्सन ब्राउनच्या स्टुडिओत मुद्रित केली, तेव्हा तेथे असलेला ब्राउनचा डम्बल त्याने वाजवला आणि पुढे स्वतःसाठीही डम्बलकडून यंत्र करवून घेतले. येथवर किंमत आणि गुण यांचा मेळ बसतो. पण जे यंत्र एका माणसाच्या बोटांसाठी जुळवले गेले, ते दुसऱ्याने लाखो रुपये मोजून घेतले म्हणून ती बोटे त्याला मिळत नाहीत. विकत घेता येते ते यंत्र. जुळवणी ज्याच्यासाठी झाली तो वादक विकत घेता येत नाही.

आता काट्याकडे येऊ. दोन अ‍ॅम्प्लिफायर शेजारी ठेवून ऐकताना माणसाचा कान तीन प्रकारे फसतो.

पहिली फसवणूक मोठ्या आवाजाची. मनुष्याच्या कानाला खर्ज आणि अतितार स्वर हळू आवाजात कमी ऐकू येतात आणि मोठ्या आवाजात अधिक भरदार वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवले. परिणामी जो अ‍ॅम्प्लिफायर किंचित मोठ्याने लावलेला असतो, तोच ‘अधिक चांगला’ वाटतो. दुकानात एकाचे बटण दोन रेघा पुढे असले की पारड्याखाली मेण लावल्यासारखेच झाले. वॅटच्या आकड्यानेही अशीच भूल पडते. शक्ती दुप्पट केली तर ध्वनीची पातळी केवळ 3 डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणजे 100 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर 10 वॅटच्या दसपट नव्हे, फक्त सुमारे दुप्पट मोठा ऐकू येतो. किमतीची तुलना करताना हे प्रमाण लक्षात ठेवावे.

दुसरी फसवणूक नावाची. फेंडर यांनी 1965 मध्ये आपली कंपनी सीबीएस या बड्या कंपनीला 1 कोटी 30 लाख डॉलरना विकली. त्यानंतर काही वर्षांत अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढील काळी पट्टी जाऊन रुपेरी पट्टी आली. बाजारात काळ्या पट्टीच्या यंत्रांना कितीतरी अधिक भाव मिळतो. मात्र आरंभीच्या काही रुपेरी यंत्रांची आतील मांडणी जवळजवळ तीच होती. तेवढ्यापुरता गिऱ्हाईक पट्टीच्या रंगाचाच दाम देतो. व्हायोलिनच्या जगात या मोहाची रीतसर परीक्षा झालेली आहे. 2010 मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे 21 व्हायोलिनवादकांना काळे चष्मे लावून, मंद उजेडात, तीन नवी आणि तीन जुनी व्हायोलिने वाजवायला दिली. जुन्यांपैकी दोन स्ट्रॅडिव्हरीची होती. बहुतेकांनी नवे व्हायोलिन पसंत केले, आणि सर्वांत कमी पसंती एका स्ट्रॅडिव्हरीलाच मिळाली. यावरून जुनी वाद्ये वाईट ठरत नाहीत. नाव झाकल्यावर काटा निराळा दाखवतो, एवढे मात्र ठरते.

तिसरी फसवणूक मालकीची, आणि ती सर्वांत सूक्ष्म आहे. पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूबद्दल माणूस निःपक्ष राहत नाही. मोठी रक्कम गेली की ती योग्यच होती असे सिद्ध करण्यासाठी कान राबू लागतो. मग काही दिवसांनी दुसऱ्या यंत्राची कीर्ती कानी येते आणि कालपर्यंत सर्वोत्तम असलेल्या आवाजात उणीव भासू लागते. यंत्र तेच, खोली तीच, बोटेही तीच. बदलली ती इच्छा. परिग्रह वस्तूत नसून वस्तूविषयीच्या मूर्च्छेत आहे, असे जैन आचार्यांनी का म्हटले, ते येथे प्रत्यक्ष दिसते.

अशी यंत्रे बाळगणाऱ्यांचा रोजचा अनुभवही विचारात घ्यावा. फेंडरचा ‘ट्विन रिव्हर्ब’ सुमारे 29 किलो भरतो. तो जिन्यावरून चढवताना हौस पहिल्याच मजल्यावर ओसरते. शक्तीचे व्हॉल्व्ह वापराने झिजतात व बदलावे लागतात. ते आज मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया येथेच बनतात. 2022 च्या मार्चमध्ये युद्धामुळे रशियाची निर्यात अडली, तेव्हा जगभर टंचाई होऊन भाव चढले. आतील विजेचा दाब चारशे व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक भार उरतो; म्हणून जाणकाराशिवाय कोणी पेटी उघडू नये. अमेरिकेतून आणलेले यंत्र तेथील 120 व्होल्टचे असेल तर आपल्या 230 व्होल्टवर ते जळून जाईल. आणखी एक अडचण मोठीच आहे. ज्या दाट आवाजासाठी मोठे यंत्र घेतले, तो आवाज ते जोरात लावल्यावरच निघतो. चाळीत किंवा सोसायटीत ते शक्य नसते, त्यामुळे घेतलेली बहुतेक शक्ती कधी वापरलीच जात नाही. जोरात वाजवण्याची किंमत कानही मोजतात: ‘द हू’ या वाद्यवृंदाचे पीट टाऊनशेंड, ज्यांच्या आग्रहातून मार्शलचे 100 वॅटचे यंत्र घडले, पुढे कान वाजणे आणि बहिरेपणा यांच्याशी झगडत राहिले.

याउलट एक दाखला मनात ठेवण्यासारखा आहे. रॉबेन फोर्ड हे अमेरिकेतील नामवंत गिटारवादक. डम्बलचे यंत्र त्यांच्यापाशी 1980 च्या दशकापासून आहे आणि त्यांचे नाव त्या यंत्राशी कायमचे जोडले गेले आहे. तरीही दूरच्या दौऱ्यांवर ते अनेकदा स्थानिक ठिकाणी भाड्याने मिळणारा फेंडर वापरतात आणि त्यापुढे पायाने चालवायचे एक छोटे यंत्र जोडतात. श्रोत्यांना वादन त्यांचेच वाटते. मौल्यवान वस्तू बाळगूनही तिच्यावाचून अडू नये, ही स्थिती त्यागाच्या फार जवळची आहे, आणि ती साधली आहे ती वर्षानुवर्षांच्या रियाजाने.

म्हणून मुलाची मागणी आली तर वडिलांनी ती झिडकारू नये आणि डोळे मिटून मान्यही करू नये. दुकानात जाण्यापूर्वी दोघांनी बसून रकमेचे परिमाण ठरवावे. समोर वस्तू चमकू लागल्यावर ठरवलेली मर्यादा मर्यादा राहत नाही. मुलाने स्वतःची गिटार सोबत न्यावी, कारण दुकानातील उंची गिटारचा गुण अ‍ॅम्प्लिफायरच्या खात्यात जमा होतो. दोन्ही यंत्रांचा आवाज सारखा लावावा. मोबाइलमधील डेसिबल मोजणारे अ‍ॅपही या कामाला पुरते. घरी जेवढ्या आवाजात वाजवता येणार आहे तेवढ्यावरच ऐकावे. मुलाने पाठ फिरवून बसावे आणि कोणते यंत्र चालू आहे हे न सांगता वडिलांनी ते बदलावे. तीन वेळा असे करून उत्तर प्रत्येक वेळी एकच आले, तर फरक खरा आहे असे समजावे. मग त्या फरकाला ठरवलेली रक्कम योग्य आहे का, हा हिशेब करावा. तो करणे व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही.

आणि उत्तर प्रत्येक वेळी निराळे आले, तर दोघांनी दुकानदाराचे आभार मानून घरी परतावे. त्या दिवशी पैसे वाचले, हा लाभ लहान. आपला काटा कोणत्या बाजूला झुकतो हे मुलाला स्वतःच्या कानांनी कळले, हा लाभ मोठा. पुढे तो पेढीवर बसेल तेव्हा, गिटार सुटलेली असो वा नसो, ही शिकवण त्याच्या उपयोगी पडेल.