उपासनेची मराठी आणि धर्मग्रामाची शाळा

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती साहित्याचा विचार सामान्यतः दोन टोकांशी येऊन थांबतो. एका टोकाला फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेलेले 'क्रिस्तपुराण' आणि दुसऱ्या टोकाला रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांची साहित्यसंपदा. अभ्यासक्रमांतून, संशोधनप्रबंधांतून आणि चर्चासत्रांतून हीच नावे पुनःपुन्हा येतात. ती यावीत यात वावगे काही नाही. परंतु या दोन टोकांमुळे एक मोठा प्रदेश दृष्टीआड राहिला आहे, याची जाणीव अभ्यासकांना क्वचितच असते. हा प्रदेश म्हणजे उपासनेच्या मराठीचा. धर्मग्रामातील वेदीसमोर आठवड्यामागून आठवडे वाचली जाणारी, गायिली जाणारी आणि ऐकली जाणारी ही मराठी कोणी घडवली, ती कोणत्या मराठीवर उभी राहिली आणि ती पुढे टिकेल काय, हे प्रश्न केवळ धर्मशास्त्राचे नाहीत. ते भाषेचे व साहित्याचेही प्रश्न आहेत.

या प्रश्नांना तातडी प्राप्त झाली आहे ती शाळेमुळे. वसईसारख्या भागात उपासनेची मराठी आणि धर्मग्रामाची मराठी शाळा या दोन गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या. त्यांतील एक आधार आता ढासळत आहे. तो ढासळल्यावर दुसरी गोष्ट आपोआप तग धरेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

शिक्षण, उपासना आणि काव्य यांचा हा संबंध नवा नाही. 'क्रिस्तपुराणा'ची चौकटच मुळी धर्मशिक्षणाच्या प्रसंगातून उभी राहते. साष्टी प्रांतात नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक जण गुरूला विचारतो की, पूर्वीची पुराणे आम्हांला वर्ज्य झाली, तर त्यांच्या जागी वाचावे असे काही तुम्ही आम्हांला का देत नाही? या प्रश्नाच्या उत्तरादाखल जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ सिद्ध झाला. स्टीफन्स यांनी ओवी हा छंद स्वीकारला, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजला आणि त्याच वेळी बाप्तिस्म्यासारख्या संज्ञा पोर्तुगीज वळणाच्या राखल्या. ख्रिस्ती आशयासाठी मराठी परिभाषा घडवताना कोठे आपला शब्द घ्यावा आणि कोठे परका ठेवावा, याचा विवेक त्यांनी चारशे वर्षांपूर्वी केला होता. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषेचा वापर तीन वर्षांत बंद व्हावा असा आदेश काढला आणि ही परंपरा राजसत्तेच्या बळावर खंडित करण्याचा प्रयत्न झाला. 'क्रिस्तपुराणा'च्या सतराव्या शतकातील तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ ची मंगळूरची रोमन लिपीतील आवृत्ती आणि १९५६ ची शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती यांमुळेच हा ग्रंथ आधुनिक वाचकाच्या हाती आला. ज्या भाषेला शिक्षणाचे पाठबळ उरत नाही, त्या भाषेतील श्रेष्ठ ग्रंथदेखील दृष्टीआड होतो, हा या इतिहासाचा बोध आहे.

मिस्साविधीची भाषा मात्र या सर्व काळात लॅटिनच होती. स्टीफन्स यांची प्रतिभाही वेदीपर्यंत पोहोचू शकत नव्हती. तिचे क्षेत्र वेदीबाहेरचे, धर्मशिक्षणाचे आणि भक्तीचे होते. प्रवचन लोकांच्या भाषेत होई, प्रार्थनाही घरोघरी होत. परंतु मुख्य विधी धर्मगुरूने लॅटिनमध्ये उच्चारायचा आणि समुदायाने तो श्रद्धेने अनुभवायचा, अशी रीत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) हे चित्र पालटले. ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजाने समुदायाचा जाणीवपूर्वक व सक्रिय सहभाग हे उपासनेच्या नवीकरणाचे सूत्र ठरवले आणि लोकभाषांना वाट करून दिली. नव्या मिस्साविधीबरोबर वाचनांची नवी योजना आली. रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र सुरू झाले. जुन्या करारातील उतारा, स्तोत्र, प्रेषितांची पत्रे आणि शुभवर्तमान असा क्रम रूढ झाला. धर्मगुरू समुदायाकडे तोंड करून उभा राहू लागला आणि वाचनासाठी सामान्य श्रद्धावंत पुढे आला.

या घटनेचे वाङ्मयीन मोल अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. ज्या शेतकऱ्याच्या, बागायतदाराच्या, कोळ्याच्या घरात पुस्तक दुर्मीळ होते, त्याच्या कानी दर रविवारी इतिहासकथन, संदेष्ट्यांची वाणी, काव्य, पत्र आणि दृष्टान्त असे विविध प्रकारचे मराठी गद्यपद्य पडू लागले. इतकेच नव्हे, तर त्याच्याच घरातील मुलगा वा मुलगी ते समुदायासमोर मोठ्याने वाचू लागली. वाचकपदाचा अधिकृत सेवाविधी स्त्रियांना २०२१ मध्ये खुला झाला असला, तरी प्रत्यक्षात स्त्रिया त्याच्या कितीतरी आधीपासून वाचन करीत आल्या होत्या. आपल्या भाषेत, सार्वजनिक ठिकाणी, गंभीर मजकूर अर्थ समजून वाचण्याचा हा सराव साहित्यनिर्मितीची पूर्वतयारीच असतो. संस्कृतच्या जागी प्राकृत आणताना एकनाथांना जो युक्तिवाद करावा लागला, त्याच जातीचे स्थित्यंतर येथे विसाव्या शतकात घडले. फरक इतकाच की, येथे ते एखाद्या संताच्या बंडातून घडले नाही; संस्थेनेच घेतलेल्या निर्णयातून घडले.

अर्थात हे स्थित्यंतर निर्विवाद नव्हते. लॅटिन गीते पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत असलेल्या गावकऱ्यांना काहीतरी हरपल्याची खंत वाटली आणि ती खोटी म्हणता येणार नाही. न कळणारी पण कंठस्थ असलेली भाषा पावित्र्याचा एक वेगळा अनुभव देते. १९६९ मध्ये भारतासाठी उपासनेतील बारा अनुकूलने मान्य झाली. पादत्राणे काढणे, अंजलिमुद्रा, पंचांग प्रणाम, तेलाचा दिवा, आरती यांचा त्यांत समावेश होता. या बदलांवर, हे भारतीयीकरण की हिंदूकरण, असा आक्षेप कॅथलिकांमधूनच घेतला गेला. हा वाद केवळ कर्मकांडाचा नव्हता. भारतीय म्हणजे कोणाचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता, आणि तो उपासनेच्या शब्दकळेलाही लागू पडतो.

उपासनेची मराठी घडवताना संस्कृतोद्भव संज्ञांकडे कल राहिला. कृपासंस्कार, ख्रिस्तप्रसाद, पुनरुत्थान, प्रायश्चित्तकाळ, धर्मग्राम, धर्मभगिनी यांसारखे शब्द रुळले. त्यांनी गांभीर्य आणले, मराठीच्या मुख्य प्रवाहाशी नाते जोडले. परंतु त्यांमुळे घरगुती बोलीशी अंतरही निर्माण झाले. वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या घरात बोलली जाणारी सामवेदी, म्हणजेच कादोडी, आणि वाडवळी या बोली प्रमाण मराठीपासून बऱ्याच दूरच्या आहेत. विशेष असे की, या बोली एका धर्माच्या नाहीत. सामवेदी बोली ख्रिस्ती कुपारी समाज व हिंदू सामवेदी ब्राह्मण दोघेही बोलतात. वाडवळीही दोन्ही धर्मांच्या घरांत नांदते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर सत्ता बदलली, तरी गावांचा हा भाषिक संसार मोडला नाही. म्हणजे घरची बोली धर्माच्या पलीकडची आणि उपासनेची मराठी बोलीच्या पलीकडची, अशी ही रचना आहे.

मग या दोहोंमधला पूल कोणता होता? तो पूल म्हणजे शाळा. धर्मग्रामाच्या आवारात, चर्चच्या सावलीत उभ्या असलेल्या मराठी माध्यमाच्या शाळेत कादोडी बोलणारे मूल प्रमाण मराठी शिकले. तेथे त्याने तुकाराम वाचला, निबंध लिहिला, वक्तृत्वस्पर्धेत भाग घेतला आणि रविवारी तेच मूल वेदीजवळ उभे राहून यशयाचा उतारा वाचू लागले. शाळेने दिलेली भाषा उपासनेने वापरली आणि उपासनेने दिलेला आवाज शाळेला परत मिळाला. वसईतून पुढे आलेले लेखन या देवाणघेवाणीचे फळ आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दोन दशकांहून अधिक काळ 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले. त्यांच्या 'सुबोध बायबल – नवा करार' या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला. सिसिलिया कार्व्हालो यांची कविता व ललितगद्य याच भूमीतले. दिब्रिटो यांच्या निवडीला त्यांच्या धर्मगुरुपदावरून विरोध झाला, तेव्हा त्यांच्या मराठीपणाचा पुरावा मागणाऱ्यांना ही दीर्घ सिद्धता ठाऊक नव्हती. दिब्रिटो २०२४ मध्ये निवर्तले. त्यांच्यासारखा लेखक ज्या व्यवस्थेतून घडला, ती व्यवस्था पुढच्या पिढीसाठी शिल्लक आहे काय, हा प्रश्न त्यांच्या गौरवापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

कारण शाळेचे माध्यम बदलत आहे. इंग्रजी माध्यमाकडे पालकांचा ओढा वाढला, मराठी शाळांची पटसंख्या रोडावली आणि धर्मग्रामांनाही या मागणीकडे पाठ फिरवता आली नाही. या पालकांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. मुंबईच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या कुटुंबाने मुलांच्या नोकरीचा विचार करू नये, असे सांगण्याचा अधिकार स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घालणाऱ्या प्राध्यापकवर्गाला तर मुळीच नाही. शिवाय वसई-विरार परिसरात गोवा, मंगळूर, केरळ आणि अन्य प्रांतांतून आलेले कॅथलिक स्थायिक झाले आहेत. त्यांच्यासाठी इतर भाषांतील मिस्सा असणे स्वाभाविकच आहे.

परंतु या बदलाचा उपासनेवरील परिणाम नीट समजून घेतला पाहिजे. इंग्रजी शाळेत शिकलेले मूल घरी कादोडी किंवा मोडकीतोडकी मराठी बोलते. रविवारी त्याच्यासमोर येणारी मराठी मात्र 'पुनरुत्थान' आणि 'कृपासंस्कार' यांची असते. ती त्याला ऐकू येते, वाचता येतेच असे नाही. वाचनासाठी तरुण मिळेनासे झाले की तेच ते ज्येष्ठ वाचक पुढे येतात आणि कालांतराने इंग्रजी मिस्साची मागणी होते. पूल काढून घेतल्यावर पैलतीर परका वाटावा, तशी ही अवस्था आहे. साठ वर्षांपूर्वी लॅटिन दूर करून ज्या भाषेला लोकांची भाषा म्हणून वेदीवर आणले, ती प्रमाण मराठीच या मुलांच्या लेखी दुसरी लॅटिन ठरण्याचा धोका आहे. ती आदरणीय, गेय, पण न कळणारी असेल. परिषदेच्या मूळ हेतूचाच हा पराभव ठरेल.

यावर उपाय म्हणून उपासनेची भाषा सरसकट सोपी करावी किंवा ती थेट बोलीत आणावी, असे सुचवले जाते. या सूचनेत तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. बोलीतील गीते, प्रार्थना आणि लग्नगीते यांना उपासनेच्या परिघात अधिक जागा मिळणे इष्टच होय. तथापि प्रमाण मराठी सोडल्यास वसईच्या श्रद्धावंताचे नाशिक व पुणे धर्मप्रांतांतील मराठी कॅथलिकांशी असलेले नाते क्षीण होईल. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत सप्टेंबरमध्ये जमणारा ग्रामीण, बहुतांशी दलित ख्रिस्ती समाज आणि वसईचा बागायतदार यांना जोडणारी भाषा कादोडी नव्हे, मराठीच आहे. मरियेला 'माउली' म्हणणारा तो शब्द कोणत्याही समितीने घडवला नाही. तो वारकरी संस्कारात वाढलेल्या लोकांनीच आणला. संज्ञा कशा रुजतात, याचा हा वस्तुपाठ आहे. स्टीफन्स यांचा विवेक आणि 'मतमाउली'तील सहजता या दोन्हींची उपासनेच्या मराठीला आज गरज आहे.

शाळेच्या बाबतीत माध्यमाचा हट्ट धरण्यापेक्षा मराठी विषयाच्या अध्यापनाचा दर्जा हा खरा मुद्दा मानला पाहिजे. महाराष्ट्रात सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकवणे २०२० पासून कायद्याने बंधनकारक आहे. कायदा तास देऊ शकतो, गोडी देऊ शकत नाही. ती गोडी निर्माण करण्याचे साधन धर्मग्रामाजवळ तयार आहे. रविवारच्या वाचनाची आठवडाभर तयारी करून घेणारा एक चांगला मराठी शिक्षक, इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही ही भाषा आपली वाटायला लावू शकेल.

विद्यापीठीय मराठी विभागांचे कर्तव्यही येथेच सुरू होते. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो मिरवताना 'क्रिस्तपुराणा'चा उल्लेख अभिमानाने होतो, पण त्याच्या वारसदारांची जिवंत भाषा नोंदवली जात नाही. गायकवृंदांच्या हस्तलिखित वह्या, जुनी प्रार्थनापुस्तके, मिस्साच्या मराठी भाषांतरातील क्रमशः झालेले बदल, धर्मगुरूंची प्रवचने, शाळांची हस्तलिखिते व वार्षिकांके ही सर्व सामग्री अजून हाताशी आहे. लॅटिनकडून मराठीकडे झालेला प्रवास प्रत्यक्ष अनुभवलेली पिढी वृद्ध झाली आहे. तिची साक्ष आज नोंदवली नाही, तर उद्याच्या अभ्यासकाला स्टीफन्स आणि टिळक यांच्यापुढे काही घडलेच नव्हते, असा निष्कर्ष काढावा लागेल. आणि तो निष्कर्ष चुकीचा आहे हे सांगणारा पुरावा त्या वेळी कोणाजवळ नसेल.