घड्याळ एकदा लावा, पायरी रोज बदला

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर मंगळवारी संगणकावर स्मरणशक्तीचा व्यायाम चालतो. पडद्यावर एक चौकोन उमटतो, त्याच वेळी एक अक्षर ऐकू येतं. चौकोन दोन घरांपूर्वीच्याच जागी आला तर एक बटण दाबायचं, अक्षर तेच असेल तर दुसरं. याला ‘एन-बॅक’ म्हणतात. दोनऐवजी तीन घरं मागचं आठवायला लागलं की पायरी वाढली. अशा प्रकारची चाचणी वेन किर्चनर यांनी १९५८ मध्येच तरुण आणि वयस्कर माणसांवर घेतली होती. पायरी वाढली तशी वयस्कर मंडळी मागे पडली. आमच्याकडे वेगळं काय होणार?

पण आमच्याकडे त्यात भर घातली जाते. कुणाचे गुण चांगले आले की शिकवणारा मुलगा पायरी चढवतो आणि वेगही वाढवतो. सत्तरी ओलांडलेल्या आमच्या वहिनी मग गडबडतात. त्यांना अक्षर आठवलं नाही, की आठवलं पण बोट वेळेत पोचलं नाही? दोन्ही गोष्टी एकदम बदलल्यावर ते कळणार कसं?

मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होते. गाव, नंबर, कॉल साधा की अर्जंट की लाइटनिंग, हे तिकिटावर उतरेपर्यंत डोक्यात धरायचं. कानात एक नंबर असतानाच दुसरा दिवा लागायचा. त्यामुळे धरून ठेवणं वेगळं आणि हात चालणं वेगळं, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

वेळेचा हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. दर तीन सेकंदांनी एक अक्षर आलं, तर दोन घरं मागचं अक्षर सहा सेकंद सांभाळावं लागतं. अंतर चार सेकंदांचं केलं की बोटाला सवड मिळते, मनात घोकायलाही वेळ मिळतो. पण तेच अक्षर आता आठ सेकंद धरायचं असतं. म्हणजे संथ केलं की सोपं झालंच असं नाही, व्यायामच बदलतो. म्हणून ज्याच्या त्याच्या कानाला आणि हाताला झेपेल असं अंतर सुरुवातीलाच ठरवावं आणि मग तिकडे हात लावू नये.

हलवायची ती पायरी, तीही दोन्ही दिशांनी. सुझान येगी आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या गाजलेल्या अभ्यासातला नियम साधा होता: चौकोन आणि अक्षर दोन्हींत तीनपेक्षा कमी चुका झाल्या तर एक पायरी वर, पाचांहून जास्त झाल्या तर एक खाली, नाहीतर आहे तिथेच. अंतर मात्र तीन सेकंदांचंच. आमच्याकडे खाली येणं म्हणजे नापास होणं, कारण गुण सगळ्यांसमोर फळ्यावर लागतात. मग लोक पायरी उतरत नाहीत, यायचंच बंद करतात.

‘ताण दिल्याशिवाय मेंदू तल्लख कसा होणार?’ असं मुलाचं म्हणणं. ताण हवाच, पण तो स्मरणाला द्या, सांधेदुखीच्या बोटांना नको. शिवाय तल्लखपणाचं आश्वासन जरा जपून द्यावं. येगींच्या अभ्यासात बुद्धी वाढल्याचं दिसलं होतं, पण थॉमस रेडिक यांच्या २०१३ च्या अभ्यासात तसं काही आढळलं नाही. त्याआधी, १९८० मध्ये, अँडर्स एरिकसन आणि सहकाऱ्यांनी एका विद्यार्थ्याची नोंद केली होती. सरावाने तो सात अंकांवरून ७९ अंकांपर्यंत पोचला, पण अक्षरं द्यायला लागल्यावर पुन्हा साताठाच्या आतच. अंक तो धावण्याच्या शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवायचा. अक्षरांना ती युक्ती लागू पडेना. माझंही तेच. शेकडो नंबर डोक्यातून गेले, तरी भाजीच्या यादीतली कोथिंबीर राहतेच.

तरी मंगळवार बंद करू नका. त्या तासात माणसं मन लावून बसतात, हे थोडं नाही. फक्त फळा पुसा, प्रत्येकाला स्वतःची वही द्या आणि वहीत आज पायरी कोणती आणि अंतर किती सेकंदांचं, दोन्ही लिहा. अंतराचा आकडा बदललेला दिसला, तर आधी शिकवणाऱ्याला जाब विचारा, म्हाताऱ्यांना नंतर.