वर्गणीतला फुटबॉल



परवा पाटणच्या एस. टी. स्टँडवर आपल्याच वस्तीतली पोरं हमरीतुमरीवर आली. कारण काय? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम भारी की खंडोबा तालीम! हंगामभर गॅलरीत ओरडून घसा बसवायचा आणि दुसऱ्यांच्या संघापायी आपल्याच मित्राची कॉलर धरायची, हे कसले प्रेम?

त्याच कोल्हापुरातल्या रिक्षावाल्याचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ साली १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. नुसते ओरडून नव्हे, घाम गाळून.

यंदा भीमजयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा. एक फुटबॉल आणि बुटांचे चार जोड घ्या. मुलींनाही खेळू द्या. मग भांडायचेच असेल, तर आपल्या संघासाठी भांडू!