जुना कूलर अजून चालतो, पण चालवायचा का?

होळी झाली की विदर्भात गावोगावी कोपऱ्यात पडलेले कूलर बाहेर निघतात. झाडपूस होते, ताट्या बदलतात, टाकीत पाणी पडते आणि बटण दाबले जाते. पाते फिरले की घरचे निर्धास्त. ‘अजून चालून राहिला ना, मग कशाले बदलाचा?’ हा सवाल घरोघरी ठरलेला असतो. सवाल चुकीचा नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जाणे नवे राहिलेले नाही. कूलर ही इथे चैन नाही, गरज आहे. आणि नव्या कूलरचे पैसे खत-बियाण्यांच्या खर्चाच्या तोंडावरच काढावे लागतात.

पण कूलर, पंखा आणि एसी या तिन्ही वस्तू एकाच मापाने मोजल्या की हिशेब फसतो. तिन्हींची बदलण्याची वेळ वेगवेगळ्या कारणाने येते.

कूलर : बिलासाठी नाही, जिवासाठी बदला

आधी बिलाचे बघू. २०० वॅटचा जुना लोखंडी कूलर रोज १० तास चालला तर दिवसाला २ युनिट जातात. ९० दिवसांचे १८० युनिट. त्या जागी १५० वॅटचा नवा आणला तर पूर्ण उन्हाळ्यात ४५ युनिट वाचतील. हिशेब सोपा व्हावा म्हणून युनिटला १० रुपये धरले तरी बचत फक्त ४५० रुपयांची. म्हणजे सात-आठ हजारांचा कूलर केवळ वीज वाचवण्यासाठी घेणे परवडणारे नाही. मोटर जळली तर वाइंडिंग होते, कंडेन्सर गेला तर बदलता येतो, पाण्याची मोटर तर स्वस्तात नवीच मिळते. एवढ्यासाठी अख्खा कूलर भंगारात देऊ नये.

खरी गोष्ट आहे ती पत्र्याची. दरवर्षी उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून कूलरचा शॉक लागल्याची बातमी येतेच. पाणी भरताना हात ओले, पाय अनवाणी, जमीन ओली. त्यात पाण्याच्या मोटरची वायर कुठे सोललेली असली की करंट थेट पत्र्यात उतरतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पण बऱ्याच घरांत कूलरला दोन पिनांचाच प्लग असतो, नाहीतर तिसरी पिन असून तिच्यामागे वायरच नसते. मग करंटला जमिनीत जायला वाट उरते ती माणसाच्या अंगातून.

म्हणून तळाचा पत्रा गंजून भोके पडली असतील, मोटरचा पाट हलत असेल, वायर जागोजागी टेप लावून जोडलेली असेल, तर तो कूलर चालत असला तरी त्याचे आयुष्य संपले. साधा ठोकताळा असा : दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल आणि पत्राही गंजला असेल, तर दुरुस्ती नको.

मात्र नवा कूलर आणला म्हणजे धोका टळला, असेही नाही. घरात अर्थिंगच नसेल तर नव्या लोखंडी कूलरमध्येही तोच धोका राहतो. प्लास्टिकच्या कूलरमध्ये तो कमी होतो, पण पाण्यात बुडालेली मोटर तिथेही असतेच. साधा एमसीबी माणसाला शॉक लागला तरी पडेलच असे नाही, कारण अंगातून जाणारा करंट त्याच्या मानाने फार थोडा असतो. ते काम आरसीसीबीचे. घरासाठी ३० मिलीअँपियरचा बसवतात. पैसे मोजकेच असतील तर आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग नवा कूलर, हाच क्रम बरोबर.

‘गार हवा देत नाही’ म्हणून घाई नको

कूलर पाण्याच्या वाफेवर गारवा देतो. हवा कोरडी असेल तेवढे पाणी उडते आणि तेवढी हवा थंड होते. जूनमध्ये पाऊस जवळ आला की हवेत दमटपणा वाढतो आणि चांगला कूलरही चिकचिक करू लागतो. तो बिघाड नव्हे. दारे-खिडक्या गच्च बंद असल्या तरी असेच होते. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. बोअरच्या जड पाण्याने ताट्यांवर क्षार चढले की हवा आत येत नाही. तेव्हा ताट्या बदलायच्या, कूलर नाही.

पंखा : इथे मात्र बिलच बोलते

पंख्याचे गणित बरोबर उलटे आहे. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास, वर्षातले २४० दिवस पंखा चालला तर जुना २१६ युनिट घेतो, नवा ८६. फरक १३० युनिटचा, म्हणजे १० रुपयांनी १,३०० रुपये. तीन हजारांचा पंखा दोन-अडीच वर्षांत पैसे फेडतो.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटचा दर कमी आणि त्यापुढच्या युनिटचा जास्त असतो. बचत होते ती वरच्या, महाग युनिटमधून. उन्हाळ्यात ज्यांचे बिल १०० च्या वर जाते, त्यांना पंखा बदलण्याचा फायदा जास्त. ज्यांचे वर्षभर १०० च्या आतच असते, त्यांनी जुना पंखा बंद पडेपर्यंत वापरायला हरकत नाही.

बीएलडीसी पंख्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड असते आणि ते गावातल्या मेकॅनिककडे दुरुस्त होईलच असे नाही. ज्या गावात वीज वरखाली होते तिथे वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस कोणत्या गावात मिळते, हे विचारूनच घ्यावा. छताच्या पंख्यांवर स्टार लेबल जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे. लेबल नसलेला ‘स्वस्त’ पंखा घेऊ नये.

एसी : स्टार कोणत्या वर्षाचे, ते बघा

आता गावातही एसी येऊ लागले आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे चौकशी वाढणारच. पण जानेवारी २०२६ पासून स्टारचे निकष कडक झाले आहेत. जुन्या मालावरचे ५ स्टार आणि नव्यावरचे ५ स्टार सारखे नव्हेत. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेले असते. दुकानात तो आकडा बघून तुलना करावी.

कुणी जुना एसी सेकंडहँड देत असेल तर आधी गॅस विचारावा. आर-२२ हा गॅस मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि २०३० पर्यंत त्याचा वापर जवळजवळ संपवायचा आहे. अशा एसीचा कॉम्प्रेसर गेला, तर त्यावर पैसे घालणे म्हणजे गळक्या माठात पाणी भरणे.

बटण दाबण्याआधी

निर्णय एप्रिलच्या गर्दीत घेण्यापेक्षा आधीच घेतलेला बरा. कूलर उघडून तळ, वायर आणि तीन पिनांचा प्लग तपासा. अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून पाहून घ्या. चालू कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावल्यावर तो पेटला, तर मेन स्विच बंद करून प्लग काढा आणि दुरुस्तीशिवाय पुन्हा लावू नका. टेस्टर पेटला नाही म्हणजे सगळे ठीक, असेही समजू नका. पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा असतो. महावितरण दर उन्हाळ्यात हेच सांगते. पाणी भरण्याचे काम बहुतेक घरांत बायका-पोरांकडे असते. कूलर बदलायचा की नाही हे घरातले कर्ते ठरवतात, पण त्या पत्र्याला ओला हात लागतो तो त्यांचाच.