शून्य आलें म्हणजे कांहींच नाहीं काय?

‘भूतलावर घट नाहीं’ हें ज्ञान आपणांस कोणत्या प्रमाणानें होतें, हा वाद आपल्या शास्त्रकारांनीं पुष्कळ रंगविला आहे. कुमारिलभट्टांचे अनुयायी म्हणतात कीं, घट न दिसणें हेंच त्याच्या अभावाचें प्रमाण होय. यास ते अनुपलब्धि असें निराळें नांव देतात. नैयायिक मंडळी तें स्वतंत्र प्रमाण मानावयास तयार नाहींत. परंतु न दिसणें ‘योग्य’ असलें पाहिजे, याविषयीं उभयपक्षीं दुमत नाहीं. अंधारांत घट दिसला नाहीं एवढ्यावरून घट नाहीं असें म्हणतां येत नाहीं. दिवा असतां, डोळे धड असतां, आणि घट असता तर दिसलाच असता अशी स्थिति असतां तो दिसला नाहीं, तरच तो नाहीं. हा सारा शब्दच्छल आहे असें समजणाऱ्या घरांतील तरुण मंडळीस आम्ही आज १९५८ सालची एक हकीकत सांगणार आहों.

त्या वर्षीं ३१ जानेवारीच्या रात्रीं अमेरिकेनें आपला पहिला कृत्रिम उपग्रह ‘एक्सप्लोरर-१’ आकाशांत सोडला. वजन सुमारें चौदा किलो. म्हणजे एखाद्या भरल्या घागरीएवढें. त्यांत आयोवा विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जेम्स व्हॅन अ‍ॅलन यांचें एक गायगर मापकयंत्र बसविलेलें होतें. दूर अवकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांचा एकेक कण आंत शिरावा, त्याची एक टिचकी पडावी व ती मोजली जावी, एवढेंच त्या यंत्राचें काम. उपग्रहाची कक्षा लांबट होती. एका टोकास तो पृथ्वीपासून सुमारें ३६० किलोमीटरांवर येई, तर दुसऱ्या टोकास अडीच हजार किलोमीटरांवर जाई. खालच्या भागांत यंत्र सेकंदास तीसच्या आसपास टिचक्या मोजी, आणि हें अपेक्षेस धरून होतें. परंतु वर गेलें कीं यंत्र मुकें होई. आंकडा शून्य!

आतां या शून्याचा अर्थ काय करावयाचा? इतक्या उंचीवर विश्वकिरण नाहींत म्हणावें, तर ते येतात तरी कोठून? यंत्र बिघडलें म्हणावें, तर खालीं आल्यावर तेंच यंत्र पुन्हां सुरळीत मोजूं लागे. शिवाय या उपग्रहांत नोंद सांठविण्याची सोय नव्हती. एखाद्या ग्रहणकेंद्रावरून तो जात असतां जे थोड्या मिनिटांचे संदेश मिळत, तेवढेच हातीं येत. एखाद्या ग्रंथाचीं मधलीं पानें गहाळ व्हावीं तशी ती स्थिति होती. दुसरा उपग्रह कक्षेंत पोहोंचलाच नाहीं. मार्च महिन्यांत ‘एक्सप्लोरर-३’ गेला, त्यांत जॉर्ज लडविग नांवाच्या विद्यार्थ्यानें तयार केलेलें ध्वनिफितीसारखें नोंदयंत्र होतें. आतां सबंध प्रदक्षिणेचा आलेख मिळाला. टिचक्या वाढत वाढत भराभर वर चढत आहेत, आणि ऐन चढावर एकाएकीं शून्य. तें शून्य बराच वेळ टिकतें, मग पुन्हां तोच भर आणि मग नेहमींची गति!

व्हॅन अ‍ॅलन यांचा दुसरा एक विद्यार्थी कार्ल मॅक्‌इल्वेन यानें तसलेंच एक यंत्र क्ष-किरणांच्या नळीपुढें धरून पाहिलें. किरण वाढवीत नेले तसा आंकडा वाढला. आणि फारच वाढविले तेव्हां आंकडा शून्य झाला. कोडें सुटलें. पंक्तींत शंभर जणांनीं एकदम हांक मारली म्हणजे वाढपी जसा एकाकडेही वळत नाहीं, तसें त्या यंत्राचें होत होतें. शून्याचा अर्थ कांहीं नाहीं असा नसून, मोजतां येणार नाहीं इतकें आहे असा होता. ती अनुपलब्धि ‘योग्य’ नव्हती. ही गोष्ट १ मे १९५८ रोजीं वॉशिंग्टन येथें विद्वत्सभेपुढें मांडण्यांत आली. संबंध आयुष्य शाळेंत घालविलेल्या आम्हांस यांत विशेष कौतुक वाटतें तें गुरूचें, कीं शिष्यांच्या हातच्या कामावर त्यानें इतका विश्वास टाकला.

पुढें त्याच वर्षींच्या डिसेंबरांत ‘पायोनियर-३’ यानें केलेल्या मोजणीवरून अशीं दोन कडीं आहेत असें निश्चित झालें. डोक्यावर घागर घेतांना बायका कापडाची जी चुंबळ ठेवीत, तिच्या आकाराचीं हीं कडीं विषुववृत्ताच्या पातळींत पृथ्वीस वेढून आहेत. आंतलें कडें मुख्यतः प्रोटॉनांचें, सुमारें एक हजार किलोमीटरांपासून पुढें. बाहेरचें वेगवान् इलेक्ट्रॉनांचें, त्याच्याही पलीकडे हजारों किलोमीटर पसरलेलें. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबक आहे. विद्युद्भारित कण त्याच्या चुंबकरेषांभोंवतीं फिरक्या घेत एका ध्रुवाकडे जातो, तेथें रेषा दाट झाल्यामुळें परततो, आणि दुसऱ्या ध्रुवाकडे जाऊन तेथूनही परततो. अशा येरझारा तो घालीत बसतो. त्यास कोंडून ठेवणारी भिंत कोठेंही दिसत नाहीं.

बाहेरचें कडें मोठें चंचल. सूर्याकडून कणांचा वारा जोरानें आला कीं तें कधीं फुगतें, कधीं जवळजवळ रितें होतें. ३० ऑगस्ट २०१२ रोजीं पाठविलेल्या दोन जुळ्या यानांस पुढें व्हॅन अ‍ॅलन यांचेंच नांव देण्यांत आलें. प्रवासास आरंभ होऊन थोडेच दिवस झाले असतां त्यांस तिसरें एक कडें आढळलें. तें सुमारें चार आठवडे टिकलें, आणि सूर्याकडून आलेल्या एका धक्क्यासरशीं नाहींसें झालें. २०१९ सालीं हीं यानें बंद करण्यांत आलीं.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. हीं कडीं सांपडल्यास पुरते सहा महिनेही झाले नव्हते, तोंच १९५८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत दक्षिण अटलांटिकावर उंच आकाशांत अणुबाँब फोडून तसलेंच कृत्रिम कडें निर्माण होतें कीं काय, हें अमेरिकेच्या लष्करानें पाहिलें, आणि त्याची मोजणी व्हॅन अ‍ॅलन यांच्याच यंत्रांनीं केली. १९६२ च्या जुलैंत प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर याहून फारच मोठा स्फोट केला, तेव्हां त्या कृत्रिम कड्यानें ‘टेलस्टार’सारखे कित्येक उपग्रह निकामी केले. गांवच्या विहिरीचा शोध लागला, तर तिच्यांत विष कालवून परिणाम पाहणें यास आम्ही जिज्ञासा म्हणणार नाहीं.

आतां घरची गोष्ट. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यांनीं सूर्यबिंबावर अकस्मात् उजळलेलीं दोन तेजस्वी स्थळें पाहिलीं, आणि एक दिवस पुरा होण्याच्या आंत पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठलें. अमेरिकेंत तारा बॅटरीवांचून चालल्या. त्या वेळीं आपल्या मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत चुंबकसूचींच्या नोंदी नियमानें घेतल्या जात होत्या. यंत्र स्वतः लिहीत नसे, माणसानें डोळ्यांनीं पाहून आंकडा टिपावयाचा. २ सप्टेंबरच्या पानावर क्षितिजसमांतर बल सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं उतरल्याची नोंद आहे. या जुन्या वह्यांच्या आधारें २००३ सालीं भारतीय व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं त्या वादळाचें माप काढलें, आणि आज जगांत त्या वादळाचा विचार होतो तेव्हां कुलाब्याचा आधार घ्यावाच लागतो. टिपण करणाऱ्याचें नांव कोणी घेत नाहीं. त्या दिवशीं आंकडा भलताच दिसतो म्हणून त्यानें तो सुधारून लिहिला असता, तर? नेहमींच्या हिशेबांत न बसणारा आंकडा जसाच्या तसा लिहिण्यास एक प्रकारचें धैर्य लागतें. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरलें तेव्हां हें काम १९०४ सालीं अलिबागेस नेण्यांत आलें. लोखंड वगळून दगड, लांकूड व तांबें-पितळ यांनीं बांधलेल्या तेथील इमारतींत तें आजही चालू आहे.

वेदांत हें सगळें होतें असें सांगणारे आमचे कांहीं मित्र आहेत. त्यांस आमची विनंति आहे कीं, त्यांनीं वेदांइतकीच कुलाब्याच्या वह्यांचीही मातब्बरी मानावी.

१८५९ सालीं तारेच्या कचेऱ्या तेवढ्या गोंधळल्या. १३ मार्च १९८९ रोजीं याहून बेताच्या वादळानें कॅनडांतील क्वीबेक प्रांताची वीज दीड मिनिटांत कोसळली, आणि साठ लाख माणसें नऊ तास अंधारांत राहिलीं. फेब्रुवारी २०२२ मध्यें एका सामान्य वादळानें वातावरण फुगल्यामुळें नुकत्याच सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकीं अडतीस जळून गेले. १० व ११ मे २०२४ च्या वादळांत लडाखांतील हानले येथें रात्रींचें आकाश तांबूस झालेलें छायाचित्रांत उमटलें. पाहण्यास सुंदर, परंतु पाण्याच्या पंपापासून औषधाच्या शीतकपाटापर्यंत सगळें विजेवर आणि विमानांचा मार्ग उपग्रहांवर अवलंबून असतां, १८५९ चें वादळ आज आलें तर काय होईल, याचा हिशेब करणाऱ्यांची झोंप उडते.

२ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेलें आपलें ‘आदित्य’ यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लक्ष किलोमीटरांवर, सूर्याच्या बाजूस उभें आहे. त्यावर सौरकण मोजण्याचीं व चुंबकबल मोजण्याचीं यंत्रें आहेत. जोराचा झोत त्याच्यावरून गेल्यावर आपणांपर्यंत येऊन पोहोंचण्यास फार तर एक तास लागतो. वीजकेंद्रांतील मंडळीस सावध होण्यास तेवढाच काय तो अवधि.